‘तिथं आपलं कोण आहे?’ केमोच्या महिन्यांत आईला आधाराची माणसं कशी मिळतात

विचारलेलं थोडक्यात असं. आई ५८ वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या गावची. डाव्या स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता परळच्या टाटा रुग्णालयात केमो घ्यायची आहे: आधी दर २१ दिवसांनी एक अशा चार, मग दर आठवड्याला एक अशा बारा. आई उपचाराला नाही म्हणत नाही, पण रोज एकच बोलते, ‘तिथं आपलं कोण आहे?’ मुलगा नोकरीत, सून घर आणि लहान मूल सांभाळून. एवढ्या मोठ्या दवाखान्यात मायेची माणसं भेटतात का, आणि घरच्यांनी काय केलं तर तिला धीर येईल, हा प्रश्न. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आईला कॅन्सर आहे असं अजून स्पष्ट सांगितलेलं नाही.’

उत्तर त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करावं लागेल, कारण बाकीचं सगळं तिथे अडलंय.

परळला उतरल्यावर आईला फार वेळ अंधारात ठेवता येत नाही. बाकावर शेजारी बसलेली बाई पहिल्या पाच मिनिटांत विचारते, ‘तुमचा कॅन्सर कुठला?’ आईला त्या क्षणी कळतं, आणि तेही परक्याच्या तोंडून. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. नातेवाईक काउंटरवरच हळू आवाजात सांगतात, ‘सिस्टर, पेशंटसमोर काही बोलू नका.’ मग सिस्टर काय करणार? ती आईशी तुटक बोलते, नजर टाळते, सगळं मुलाला बाजूला घेऊन सांगते. आईला वाटतं, इथली माणसं कोरडी आहेत. ती कोरडी नसतात, घरच्यांनीच त्यांचं तोंड बांधलेलं असतं. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही असं धरून चालायचं, तिच्या भीतीवर फुंकर कशी घालायची?

तेव्हा सांगा, पण केमोच्या दिवशी किंवा रेल्वेत नको. घरी, संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, टीव्ही बंद करून. तिच्या बरोबरीने खाली बसा, उभं राहून बोलू नका. आधी विचारा, ‘आई, तुला काय झालंय असं वाटतं?’ आणि गप्प राहा. पुष्कळ आया इथे म्हणतात, ‘मला कळलंय, तुम्हालाच त्रास नको म्हणून बोलले नाही.’ मग विचारा, ‘सगळं सांगू, की तू विचारशील तेवढंच?’ तिने ऐकायची तयारी दाखवली तर साध्या शब्दांत: गाठ कॅन्सरची होती, ती काढली आहे, बारीक अंश कुठे राहिला असेल तर तो मारायला हे औषध आहे. ‘तू शंभर टक्के बरी होशील’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘दर वेळी आमच्यापैकी कोणीतरी बरोबर असेल’ हे वचन द्या, ते पाळता येतं. ती म्हणाली की मला काही ऐकायचं नाही, तर तेही मान्य करा आणि डॉक्टरांना तसंच सांगा, म्हणजे निर्णय तिचा राहतो.

आता माणसांकडे येऊ. आईचा रोजचा संबंध मोठ्या डॉक्टरांशी फार थोडा येईल. तिच्या वाट्याला येणारी माणसं म्हणजे डे-केअरमधल्या (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तो विभाग) सिस्टर किंवा ब्रदर, व्हीलचेअर ढकलणारे मामा, बेडपॅन आणि चादरी बघणाऱ्या मावशी, फाइल बघणारे ज्युनिअर डॉक्टर, आणि मेडिकल सोशल वर्कर. आपल्याकडच्या दवाखान्यात ‘मामा’, ‘मावशी’ म्हणायची रीत आहे, ती फार चांगली आहे. आईला ही नावं आधीच सांगून ठेवा. ‘अहो’ किंवा ‘ओ भाऊ’ म्हणून हाक मारायला संकोचणारी बाई ‘मावशी, जरा इकडे या’ सहज म्हणते. या हाकेतच ‘आपलं कोण’चं अर्धं उत्तर तिला मिळतं.

पण या माणसांना माया दाखवायलाही माहिती लागते. एका सिस्टरकडे एका पाळीत किती तरी पेशंट असतात, तुमची आई बाकीच्यांहून कशी वेगळी हे तिला कळायला मार्ग नसतो. म्हणून अर्ध्या पानाचा एक कागद मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या प्लास्टिकच्या खिशात ठेवा. त्यावर काय हवं? तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते (५८ वर्षांच्या बाईला ‘आजी’ म्हटलेलं खुपू शकतं). मराठीच नीट समजते, हिंदी अर्धवट. मुंबईत पुष्कळ सिस्टर केरळच्या असतात आणि त्या हिंदीत बोलतात, त्यामुळे ही ओळ फार उपयोगी पडते. डावा हात सुई, रक्त आणि बीपीसाठी वापरू नये. साखर, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या कोणत्या. कुठल्या औषधाने पुरळ किंवा दम लागला होता का. ऐकायला कमी येतं का, चष्मा कुठे आहे. कशाची भीती आहे: सुईची, रक्त बघण्याची, की लघवीला लागली तर उठता येणार नाही याची. ही शेवटची भीती बायका तोंडाने सांगत नाहीत आणि त्यापायी पाणीच पीत नाहीत.

त्याच कागदावर उपासांचे वार लिहा. मंगळवार, एकादशी, चतुर्थी केमोच्या दिवशी आली आणि आई रिकाम्या पोटी आली की चक्कर येते, शीर सापडत नाही, मळमळ वाढते, आणि मग सिस्टरने ‘काही खाल्लं नाही का?’ विचारलं तर तिला ते रागावणं वाटतं. उपास सोडायला लावण्यापेक्षा आधी घरातल्या वडीलधाऱ्याकडून किंवा गुरुजींकडून ‘आजारात उपास नसतो’ असं म्हणवून घ्या. तिच्या मनाला ते लवकर पटतं. आणि काढे, भस्मं, कुणाच्या ओळखीच्या वैद्याची पुडी चालू असेल तर लपवू नका. काही औषधं यकृतावर एकाच वेळी ताण देतात आणि मग रिपोर्ट का बिघडला याचा शोध लागत नाही.

पहिल्या चार केमोंत बहुधा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी असते. डॉक्सोरुबिसिन म्हणजे पेशंटच्या भाषेत ‘लाल औषध’. त्याआधी हृदयाची टूडी एको ही तपासणी झालेली असते. त्या दिवशी काय होतं ते आईला आदल्या रात्री क्रमाने सांगा, कारण काय होणार हे माहीत असलं की निम्मी धडधड कमी होते. रक्ताचा रिपोर्ट बघतात, पेशी पुरेशा असतील तरच केमो देतात, नाहीतर पुढे ढकलतात (याला ‘परत पाठवलं’ म्हणू नका, ती काळजी आहे). मग सुई लावतात, उलटी होऊ नये म्हणून आधी औषधं देतात, साधारण अर्धा तास थांबतात.

सुईच्या आधीची दहा मिनिटं तुमच्या हातात आहेत. उजवा हात एकच वापरायचा आहे, त्यामुळे त्याच्या शिरा जपायच्या. सकाळी उठल्यापासून दोन-तीन ग्लास पाणी पोटात गेलेलं असावं. ए.सी.च्या खोलीत हात गार पडतो आणि शिरा आत जातात, म्हणून शाल आणा. कोमट पाण्याची पिशवी रुमालात गुंडाळून हातावर ठेवा, हात खाली सोडून मूठ उघडझाप करायला सांगा. बांगड्या त्या हातातून आधीच काढून ठेवा. घाईत काढायला लावल्या की आईच्या मनाला ते अपशकुनासारखं लागतं. चांगली सिस्टर शीर बघताना बोलत असते, पण बोटाने चाचपताना तिची नजर हलत नाही. ती दोनदा चुकली तर तिसरा प्रयत्न सहसा स्वतः न करता दुसऱ्या सिस्टरला बोलावते. असं बोलावणं म्हणजे तिला जमत नाही असं समजू नका, ती आईचा हात वाचवते आहे. शिरा फारच नाजूक असतील तर पोर्ट (छातीवर कातडीखाली बसवायची डबी) किंवा पिक लाइनबद्दल (दंडातून मोठ्या शिरेत जाणारी नळी) पहिल्या केमोच्या आधीच विचारा. पुढच्या बारा साप्ताहिक केमो एकाच हातावर काढायच्या आहेत, हे विसरू नका. पिकची पट्टी बदलणं आणि फ्लश (नळी धुणं) दर आठवड्याला लागतं, पोर्टला केमो नसताना साधारण महिन्यातून एकदा. गावाकडे ते करणारं प्रशिक्षित माणूस आहे का, हे बघूनच ठरवा.

आता जो क्षण मी सगळ्यात महत्त्वाचा मानते तो. लाल औषध बहुतेक ठिकाणी सिस्टर स्वतः हाताने देते. चालू सलाईनच्या नळीतून, मोठ्या सिरिंजने, हळूहळू. दर थोड्या औषधानंतर ती सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का बघते, म्हणजे सुई शिरेतच आहे याची खात्री होते. तेवढी मिनिटं ती आईच्या शेजारून हलत नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारते, ‘जळजळतंय का? टोचतंय का?’ हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि मांस जळतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आणि आपल्या आया काय करतात? ‘नाही, ठीक आहे’ म्हणतात. सोसायची सवय आयुष्यभराची. सिस्टरला त्रास नको, बाकीचे पेशंट थांबलेत, म्हणून ओठ आवळून बसतात. आईला आदल्या दिवशी नीट बजावा: तिथे सोसणं चालत नाही, किंचित जळजळलं तरी लगेच ‘सिस्टर, थांबा’ म्हणायचं, तिला तेच ऐकायचं आहे. घरी दोन-तीनदा तोंडाने म्हणवून घ्या, लाजायचं नाही. सिस्टरचं ते सारखं विचारणं ही तिची माया आहे आणि आईचं खरं उत्तर ही त्या मायेला दिलेली साथ. सुरक्षितपणा त्या दोघींच्या मध्ये असतो.

त्यानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते. हे आधी सांगितलं नसेल तर आई धर्मशाळेच्या संडासात एकटी घाबरते, रक्त जातंय असं समजून कुणाला बोलतही नाही. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला त्रास होऊ नये म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन ते अडीच लिटर पाणी (हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलेलं असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे). पहिले ४८ तास संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा पाणी सोडा, उलटी किंवा कपडे साफ करताना हातमोजे घाला. नातवाला मांडीवर घ्यायला, जवळ घ्यायला हरकत नाही.

निघण्यापूर्वी सिस्टरला एक गोष्ट विचारून कागदावर लिहून घ्या: रात्री दोन वाजता ताप आला तर कोणत्या नंबरवर, कोणाला? कारण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात आणि आई त्या वेळी गावाला असेल. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा वर गेला की सकाळची वाट बघायची नाही. आधी क्रोसिन देऊन ‘बघू उतरतो का’ करायचं नाही. गोळीने ताप दबतो, जंतुसंसर्ग दबत नाही. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणं हे ध्येय असतं. म्हणून आजच ठरवा की तुमच्या गावापासून जवळ असा कोणता दवाखाना आहे जिथे रात्री डॉक्टर असतो, आणि परळच्या डॉक्टरांकडून ‘केमो चालू आहे, ताप आल्यास पेशी तपासून लगेच अँटिबायोटिक द्यावं’ अशी चिठ्ठी घेऊन ठेवा. थर्मामीटर घरात दोन असू द्या, एक हमखास फुटतो किंवा त्याचा सेल संपतो.

या दिवसांत घरात प्रेमाने होणाऱ्या चुका जास्त. भेटायला गर्दी येते. आजारी माणसाला बघायला न जाणं आपल्याकडे वाईट दिसतं, पण सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच नमस्कार करायला सांगा आणि हे काम आईवर टाकू नका, मुलाने करावं. याच्या उलट चूकही दिसते: ताट-वाटी वेगळी, पांघरूण वेगळं, नातवाला दूर ठेवणं. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. संसर्गापासून आईला जपायचं आहे, आईपासून कुणाला जपायचं नाही. हा फरक शेजारणींना एकदा स्पष्ट सांगितला पाहिजे, नाहीतर चैत्रातल्या हळदी-कुंकवाला तिला बोलावणं येत नाही आणि ते तिला सुईपेक्षा जास्त टोचतं.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, लिहून दिलेल्या वेळी द्यायची. ऑनडान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होतो. तीन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं सकाळी द्या, रात्री दिली की आई टक्क जागी राहते आणि घरचे समजतात की चिंतेने झोप उडाली. साखर असेल तर ती या गोळीने वर जाते, मोजत राहा. तोंड आलं तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच गुळण्या. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणतात तेव्हा स्टीलचा चमचा बदलून लाकडी द्या.

जेवणावरून घरात जेवढे रुसवे होतात तेवढे कशावरूनच होत नाहीत. ‘खा गं, दोन घास तरी’ हे दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या बाईला जेवणाची धास्ती बसते. पूर्ण ताट वाढू नका. लहान वाटीत मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, शिजलेलं अंडं, उपमा, असं दिवसातून सहा वेळा समोर ठेवा आणि तिथून उठून जा. नको म्हणाली तर वाटी न बोलता उचला, दोन तासांनी दुसरी ठेवा. फोडणीचा वास सहन होत नसेल तर ती झोपलेली असताना स्वयंपाक उरका, गार झालेलं अन्न वासाला सुसह्य असतं. कच्ची कोशिंबीर, गाडीवरची कापलेली फळं, उघड्यावरचा रस नको; सोलून खायचं केळं, संत्रं चालेल. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. खरी नोंद तीच, ‘आज काहीच खाल्लं नाही’ ही तक्रार नव्हे.

केस बहुधा पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. याकडे ‘परत येतील’ म्हणून उडवून लावू नका. आईच्या पिढीतल्या बायकांनी केस काढलेल्या विधवा आजी, पणजी पाहिल्या आहेत किंवा त्यांच्याविषयी ऐकलं आहे. उशीवर गुंता दिसला की तिच्या मनात जे उभं राहतं ते सूनबाईच्या मनात येणार नाही. पहिली केमो झाल्यावर केस खांद्यापर्यंत, मग आखूड, असे दोन टप्प्यांत कापून घ्यावेत, घरीच, तिच्या मर्जीच्या माणसाकडून. नवऱ्याने त्या वेळी जवळ बसावं. नंतर सुती रुमाल किंवा डोक्यावर पदर, कुंकू रोजचंच. उशीला मऊ सुती अभ्रा घाला, कातडी दुखरी होते.

बोलायचं काय, हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून ते ठरलेली वाक्यं बोलतात: ‘हिंमत ठेवा’, ‘काही होत नाही’, ‘अमक्याला गोमूत्राने गुण आला’. या वाक्यांनी बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणारीला नाही. त्यापेक्षा रोज एक प्रश्न विचारा: ‘आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?’ आणि उत्तर ऐकून त्यातली एक गोष्ट करा. पाय दुखतात म्हणाली तर तळव्यांना हलक्या हाताने तेल लावा (डाव्या हाताला जोरात चोळू नका, काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज धरू शकते). ती रडली तर रडू द्या, पाण्याचा तांब्या पुढे करून तिला थांबवू नका. मनाचा त्रास ० ते १० मध्ये मोजायची एक साधी पट्टी कर्करोग विभागात वापरतात. ४ किंवा वर सांगितलं, किंवा झोप, बोलणं, देवपूजा सगळंच सुटलं, तर मानसोपचार विभागाला दाखवा. तिकडे जायची चिठ्ठी कुठून मिळते ते सिस्टर सांगते. उपचाराचाच तो भाग आहे, वेडाचं लक्षण नाही.

आईसारख्याच उपचारातून गेलेल्या बाईचा अर्धा तास हा घरच्यांच्या महिनाभराच्या धीरावर भारी पडतो. मुंबईत व्ही केअर ही संस्था १९९४ पासून हे काम करते, तिथले बरेच स्वयंसेवक स्वतः या आजारातून उठलेले असतात. मेडिकल सोशल वर्करना सांगा, ‘मराठी बोलणाऱ्या, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंट राहिलेल्या बाई हव्यात.’ सोशल वर्करकडेच राहण्याचीही सोय विचारा: दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती रुग्णसेवा सदन इथे दूरगावच्या रुग्णांना जागा मिळते, मात्र जाण्याआधी दवाखान्याचं पत्र घ्या आणि जागा आहे का ते कळवून घ्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड ए.सी.मध्ये पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती १५५३८८ या नंबरवर मिळते, आणि योजना लागू असलेल्या दवाखान्यात त्याचं काम बघणारे आरोग्यमित्र बसतात. पैशाची चिंता घरातल्या पुरुषाच्या चेहऱ्यावर दिसली की आई स्वतःहून ‘पुरे आता’ म्हणते. पैशाचं बोलणं तिच्यासमोर करू नका.

आता सूनबाईंविषयी, कारण प्रश्नात त्या फक्त एका ओळीत आल्या आहेत आणि बहुतेक ओझं त्यांच्याच डोक्यावर येणार आहे. पाच महिन्यांचा पल्ला आहे, एकाच माणसाने ओढला तर तिसऱ्या केमोला त्या माणसाची चिडचिड सुरू होते, आणि आईला ती लगेच जाणवते. कामं नावानिशी वाटा. फाइल, रिपोर्ट आणि तारखा एकाकडे. गोळ्यांचा डबा एकाकडे. दवाखान्यात जायला दोघांची पाळी, एक आईजवळ बसायला आणि एक रांगेत उभा राहायला. एकटा माणूस असला की आई तासन्‌तास एकटी बसते. आठवड्यात एक पूर्ण दिवस सूनबाई या कामातून मोकळ्या, आणि त्या दिवशी त्यांना ‘हे कुठे ठेवलंय’ विचारायला फोन करायचा नाही. नणंद असेल तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणून चालणार नाही, तिने कोणत्या तारखांना येऊन राहायचं ते आताच लिहा.

नर्सिंग ब्युरोतून सांभाळायला बाई ठेवायची वेळ आली तर बारा तासांची पाळी असते. पहिल्या दिवशी तुमच्यातल्या कुणीतरी पूर्ण पाळी तिच्याबरोबर काढा. ती अंघोळ कशी घालते, आईला उठवताना काखेत हात घालून ओढते का (ऑपरेशनच्या बाजूला हे चालणार नाही), फोनवर किती असते, हे त्यातच दिसतं. गोळी हातात देणं तिचं काम, गोळी ठरवणं नाही. पोर्ट-पिकला तिने हात लावायचा नाही. तिच्या जेवणाची, झोपायच्या जागेची, स्वच्छ संडासाची सोय नीट करा; ज्या घरात तिला माणूस म्हणून वागवतात तिथे ती आईला तसंच वागवते.

कधी कोणी खेकसलंच तर? वॉर्डात भांडू नका, त्याचे परिणाम आईला भोगावे लागतील अशी भीती तिला बसते. वेळ आणि नेमकं काय बोललं गेलं ते लिहा, सिस्टर इन्चार्जना शांतपणे सांगा, उपयोग झाला नाही तर सोशल वर्करमार्फत तक्रार करा. ‘वागणूक वाईट आहे’ या तक्रारीचं काही होत नाही. ‘सकाळी अकरा ते एक बेडपॅन मागितला, मिळाला नाही’ याचं होतं. आणि जी सिस्टर, जे मामा चांगले वागले त्यांचं नाव इन्चार्जकडे लेखी द्या. चहापाण्याचे पैसे देऊ नका. ज्याच्याकडे द्यायला नाहीत अशा पेशंटचं त्यात नुकसान होतं.

बारा साप्ताहिक केमो म्हणजे बहुधा पॅक्लिटॅक्सेल. यासाठी तीन महिने मुंबईत राहायचं की जवळच्या केंद्रात घ्यायच्या, हे डॉक्टरांना थेट विचारा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. परळचा उपचाराचा कागद घेऊन तिथे केमो होऊ शकते का ते ठरवता येतं. माझा कल जवळच्या केंद्राकडे आहे. औषध तेच, आणि आई रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपते. या औषधाची ॲलर्जी आली तर बहुधा पहिल्या दोन केमोंत, सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच येते: चेहरा लाल होणं, छातीत आवळणं, दम, कंबरेत एकदम कळ. तेवढा वेळ सिस्टर खाटेजवळ घोटाळत असते. आईला सांगा की ती उगीच फेऱ्या मारत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात. ‘मुंग्या येतात का?’ विचारलं तर आई नाही म्हणेल. ब्लाउजचा हूक लावताना बोटं अडखळतात का, सुईत दोरा ओवता येतो का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, हे बघा आणि पुढच्या केमोआधी सांगा. डोस कमी करता येतो, उशीर झाला तर मुंग्या कायमच्या राहू शकतात.

दुखणं असेल तर ते सोसू द्यायचं नाही. इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या; वेदना शरीराबरोबर मनाची, घरातल्या नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्यांनी मांडला, आणि आजचा वेदनाशमन विभाग त्याच पायावर उभा आहे. तिकडे पाठवलं म्हणजे ‘आता संपलं’ असं नाही, उपचार चालू असतानाच तिथे जायचं असतं.

आणि बाराव्या केमोनंतरची एक गोष्ट. त्या दिवशी सगळे पेढे वाटतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आई उदास होते. दर आठवड्याला भेटणारी सिस्टर, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळं एकदम तुटलेलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नंबर आधीच घेऊन ठेवा. पुढे शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर तिथे ती पहिल्यांदाच खोलीत खरोखर एकटी असेल. मशीन चालू असताना सगळे बाहेर जातात आणि जड दार लागतं. आदल्या दिवशी तिला सांगा की ही वेळ काही मिनिटांचीच आहे, बाहेरचा टेक्निशियन पडद्यावर तिला सतत बघत असतो आणि माइकवर तिचं बोलणं ऐकतो. पहिल्या दिवशी दार लागण्याआधी त्यालाच विचारायला सांगा, ‘मला त्रास झाला तर मी काय करू?’ तो सांगेल, हाक मारा, मी लगेच मशीन थांबवतो.